दीड हजाराचा भागाकार

जून २०२४ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र सरकारने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली, तेव्हा वर्षाचा खर्च सांगितला ४६ हजार कोटी रुपये. महिन्याला दीड हजार, म्हणजे एका महिलेमागे वर्षाला १८ हजार. भागून पाहिले तर उत्तर येते सुमारे २ कोटी ५५ लाख. इतक्या जणींना पैसे द्यावे लागतील, हा अंदाज त्या तरतुदीच्या पोटात होता.

पुढच्या मार्चमध्ये तरतूद ३६ हजार कोटींवर आली. तोच भागाकार आता दोन कोटी दाखवतो. प्रत्यक्षात जून २०२५ चा हप्ता गेला सुमारे सव्वादोन कोटी महिलांना, आणि २६ लाख ३४ हजार जणींचा लाभ अपात्रतेच्या कारणावरून थांबवण्यात आला. वर्षभरात राज्यातल्या बायकांची संख्या काही लाखांनी घटली नव्हती. बदलली ती चाळणी.

या चाळणीची भोके सुरुवातीलाच मोठी झाली होती. योजना जाहीर होऊन आठवडा उलटायच्या आत पाच एकर शेतजमिनीची अट गेली, वयोमर्यादा साठवरून पासष्टवर गेली आणि उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड चालेल असे ठरले. यातली शेवटची सवलत दिसायला किरकोळ, पण अंदाज बांधणाऱ्याची झोप उडवणारी तीच. एक दाखला कमी लागला की किती जणी जास्त येतील, हे कुठल्याही जनगणनेत लिहिलेले नसते.

केंद्राच्या पीएम-किसान योजनेत फसगत उलट्या बाजूने झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती अल्पभूधारकांसाठी आली तेव्हा १२ कोटी कुटुंबे धरली होती. मे अखेरीस ती सगळ्या जमीनधारकांना लागू झाली आणि आकडा साडेचौदा कोटींवर गेला. वर्षाला सहा हजार या हिशेबाने खर्च ८७ हजार कोटींच्या घरात. मात्र २०१९-२० मध्ये प्रत्यक्ष खर्च पन्नास हजार कोटींच्याही आत राहिला. ऑगस्ट २०२५ मधला विसावा हप्ता मिळाला तो सुमारे ९ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना.

मग जवळपास पाच कोटी गेले कुठे? त्यातले बरेचसे कधी नव्हतेच. २०१५-१६ च्या कृषी गणनेत १४ कोटी ६५ लाख वहिवाटी मोजल्या गेल्या, म्हणजे जमीन कसणारे घटक. मालकी कोणाची, हा तिथे प्रश्नच नसतो. पैसे मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. वाट्याने शेत करणारा गणनेत आला, योजनेत नाही. उलट एका सातबाऱ्यावर चार भावांची सामाईक नावे असतील तर कुटुंबे चार. शिवाय प्राप्तिकर भरणारे, सरकारी नोकर आणि दहा हजार किंवा अधिक पेन्शन घेणारे वगळायचे, तर त्यांची वेगळी नोंद गणनेत नाही. त्यात पश्चिम बंगाल २०२१ पर्यंत योजनेबाहेर, आणि नंतर आधार जोडणी व ई-केवायसीची गाळणी. गणना एका कामासाठी झालेली, ती दुसऱ्याच कामाला जुंपली, एवढाच त्यातला दोष.

ब्रिटनमध्ये असे अंदाज बांधायला स्वतंत्र संस्थाच आहे. २०१० मध्ये स्थापन झालेली ‘ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी’ सरकारी भत्त्यांचे अंदाज दरवर्षी जाहीर करते आणि आधीचे का हुकले तेही छापते. (आपल्याकडे ही दुसरी सवय अजून रुजायची आहे.) तिथला हिशेब धरणासारखा: आधीचा साठा, नवी आवक, होणारा विसर्ग. आवक सगळ्यांत लहरी. मार्च २०२० मध्ये कमी उत्पन्नाच्या व बेरोजगार लोकांसाठीचा ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हा भत्ता घेणारे तीस लाखांच्या आसपास होते; कोविडच्या वर्षभरात ते दुप्पट झाले.

हक्क असूनही न मागणाऱ्यांचा हिशेब आणखी अवघड. कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठीचे ‘पेन्शन क्रेडिट’ पात्र लोकांपैकी साधारण दोन तृतीयांश लोकच घेत. जुलै २०२४ मध्ये सरकारने हिवाळ्यातला इंधनभत्ता मुख्यतः अशा भत्ताधारकांपुरता मर्यादित केला. हेतू बचतीचा. पण भत्ता हातचा जाऊ नये म्हणून पेन्शन क्रेडिटसाठीचे अर्ज दुपटीहून अधिक वाढले आणि बचतीचा काही वाटा त्यातच गेला.

आपल्याकडे रेशनच्या बाबतीत तर अंदाजच गोठवलेला आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागात ७५ आणि शहरी भागात ५० टक्के लोक धरले, आणि २०११ च्या जनगणनेवरून देशाचा आकडा निघाला ८१ कोटी ३५ लाख. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे सात कोटी. पुरवठा खात्यात त्याला ‘इष्टांक’ म्हणतात. त्यानंतर लोकसंख्या वाढली, २०२१ ची जनगणना झाली नाही, इष्टांक तिथेच राहिला. तो भरला की तालुक्यातल्या नव्या नावाला जागा होते ती कोणी मेल्यावर, स्थलांतर केल्यावर किंवा अपात्र ठरल्यावर. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे छापून येईपर्यंत लहान मुलांची नावे कार्डावर चढतील, पण त्यांच्या वाट्याचे पाच किलो धान्य इष्टांकात जागा असेल तरच मिळेल.