शेजाऱ्याचे संकट

ब्रिटन व फ्रान्स यांच्यासारखी बलाढ्य राष्ट्रे असताना हिटलरला वेळीच आवर का बसला नाही? बळ अपुरे पडले, असे म्हणून भागत नाही. मार्च १९३६ मध्ये जर्मन फौजा ऱ्हाइनलँडमध्ये शिरल्या, तेव्हा फ्रान्सजवळ त्यांना परतवण्याइतके सैन्य होते. मग अडले कोठे? याचे उत्तर शोधताना आपल्या मुठेकाठचा इतिहास उपयोगी पडतो.

बाजीरावांनी १८०१ मध्ये विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. पुढल्या वर्षी, २५ ऑक्टोबरला, यशवंतरावांनी हडपसरजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा मोड केला. बाजीरावांनी वसईस जाऊन इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढले व असई, अडगाव येथे हरले. होळकर मात्र दूर राहिले. १८०४ मध्ये त्यांची पाळी आली, तेव्हा शिंदे-भोसल्यांचे तह होऊन चुकले होते. पुढे ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज खडकीस लढली आणि मुळा-मुठेच्या संगमावरील रेसिडेन्सी जळाली. त्याच दिवशी दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी ग्वाल्हेरचा तह केला!

युरोपात काय झाले? १९३५ मध्ये इटलीने ॲबिसीनियावर स्वारी केली. राष्ट्रसंघाने आर्थिक निर्बंध घातले. पण त्यांतून तेल वगळले. जर्मनीविरुद्ध इटली हाताशी असावी, ही ब्रिटन-फ्रान्सची आशा होती. ॲबिसीनिया गेला आणि इटलीही हिटलरकडे गेली. १९३८ मध्ये म्यूनिक येथे चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून देण्यात आला. त्या देशाच्या अडचणीत पोलंडनेही टेशेनचा मुलूख घेतला. अकरा महिन्यांनी, १ सप्टेंबर १९३९ रोजी, पोलंडवरच घाला पडला.

या दोन्ही प्रसंगांचा काळ व परिस्थिती भिन्न आहे, हे खरे. पण कोठे जुने वैर, कोठे तात्पुरता लाभ आड आला. युरोपात आणखी एक कारण होते: १९१४-१८ च्या संहाराची आठवण. ज्यांनी मुले गमावली, त्यांना पुन्हा युद्ध नको होते. या भावनेला भ्याडपणा म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि आक्रमकाने तिचाच फायदा घेतला.

आक्रमकाला सर्वांशी एकदम लढावे लागत नाही. इतरांना स्वस्थ बसवले की एकेकाला गाठता येते. शेजाऱ्याचे घर पेटले असता आपली जुनी भांडणे आठवत बसणाऱ्याने आपल्या छपराकडेही एकदा पाहावे.