उभे राहण्याचे बळ

घरातील वडीलधारे माणूस पडले की दोष ओल्या फरशीला, उंबरठ्याला किंवा अंधाराला दिला जातो. तो अगदीच खोटा नसतो. परंतु त्याच उंबरठ्याला नातवाचीही ठेच लागते आणि तो सावरतो. ठेच लागताच पाय पुढे टाकून देहाचा भार क्षणात पेलावा लागतो. हे काम मांडीचे, नितंबांचे आणि पोटरीचे स्नायू करतात. आजोबा पडतात ते पुष्कळदा हे बळ आधीच ओसरलेले असते म्हणून.

स्नायूंची झीज चाळिशीच्या आसपास सुरू होते आणि साठीनंतर वेग घेते. आकारापेक्षा ताकद अधिक झपाट्याने घटते. त्यामुळे वजनकाटा तोच आकडा दाखवीत असला तरी पायांतील शिल्लक कमी झालेली असू शकते. अमेरिकी शास्त्रज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील मागच्या पिढीला वेगळा व्यायाम ठाऊक नव्हता. पाणी शेंदणे, जात्यावर दळणे, जमिनीवर पंगतीला बसणे यांतून दिवसभर उठबस घडे. आता नळ, गिरणी, डायनिंग टेबल आणि दुचाकी यांनी कष्ट हलके केले. त्याबरोबर ती उठबसही गेली. एसटीची पायरी चढताना दांडीला लोंबकळावे लागणे, दौंड जंक्शनचा दादरा पाहूनच धीर सुटणे, ४८ मिनिटांच्या सामायिकानंतर उठताना हात टेकावे लागणे, या पहिल्या सूचना होत. त्यांना ‘वयाचे दुखणे’ म्हणून दुर्लक्षू नये.

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे काम अनेक वर्षे चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्यविषयक अभ्यासाचा भाग म्हणून तेथे २००७ मध्ये परिसरातील गावांतून पन्नाशी ओलांडलेल्या पाच हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांची विचारपूस झाली. आपली प्रकृती व दैनंदिन कामे करण्याची क्षमता यांबाबत स्त्रियांची स्थिती पुरुषांपेक्षा कमकुवत आढळली. घरातील आजींकडे अधिक लक्ष हवे, हा त्याचा व्यवहारी अर्थ.

बळ तपासण्यासाठी यंत्र लागत नाही. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवर बसावे, हात छातीवर घडी करून ठेवावेत आणि सलग पाच वेळा उठून बसावे. जवळ कोणी तरी उभे असावे. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

गेलेले बळ परत येते का? बोस्टनमध्ये मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमातील काही जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करवून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली. जागतिक आरोग्य संघटनाही ज्येष्ठांना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सुचविते. केवळ सकाळचा फेरफटका पुरत नाही. खुर्चीतून दहा वेळा उठणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे एवढ्याने आरंभ करता येतो. सांधे वा हृदय यांचे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

व्यायामाला आहाराची जोड हवी. निरोगी ज्येष्ठांना दर किलो वजनामागे सुमारे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच प्रमाण ठरवावे. ३० ग्रॅम कोरड्या मुगडाळीत जेमतेम ७ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे पातळ वरणाने भागत नाही. सूर्यास्तापूर्वीचे जेवण दूध-खाकऱ्यावर आटोपत असेल, तर सकाळी आणि दुपारी घट्ट डाळ, उसळ, दही, पनीर यांची भर घालावी. उपवासाच्या दिवसांत अंथरुणातून एकदम उठू नये.

न्हाणीघरात धरावयास दांडी आणि रात्री मंद दिवा हवाच. मात्र एकदा पडलेल्या माणसाला मायेपोटी ‘तुम्ही बसून राहा’ असे सांगणे त्याच्या हिताचे नसते. बसून राहिल्याने पाय आणखी दुबळे होतात आणि पुढचे पडणे जवळ येते. त्यापेक्षा मुलाने वा सुनेने रोज सकाळी त्यांच्याजवळ उभे राहावे आणि त्यांच्या उठबशा मोजाव्यात.