शिबिर झाले, रिपोर्ट कुठे आहे?

काही वर्षांपूर्वी पोटगीच्या प्रकरणात पूर्व विदर्भातील एक तरुण बाई माझ्याकडे आली. नवऱ्याने तिला मुलासह माहेरी आणून सोडले होते. मुलगा सहा वर्षांचा. हाडे ठणकायची, हातपाय सुजायचे, वर्षातून तीन-चारदा दवाखाना. मुलाला सिकलसेल होता आणि सासरचे लोक म्हणत, रोग हिच्या माहेरचा. वास्तविक हा रोग एकट्या आईकडून येतच नाही. दोष दोघांकडूनही यावा लागतो. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता असते.

बोलता बोलता कळले, की लग्नाच्या चार वर्षे आधी तिच्या वस्तीत एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे आरोग्य शिबिर झाले होते. तिचेही रक्त घेतले होते. ‘मग रिपोर्ट?’

‘कागद तर कधी आलाच नाही, वकीलसाहेब.’

मी त्या महाविद्यालयात गेलो. रजिस्टर सापडले! तिचे नाव, वय, समोर लाल शाईत वाहक असल्याची नोंद. शेवटचा रकाना रिपोर्ट मिळाल्याच्या सहीचा. तो पानभर कोरा होता.

विद्यार्थ्यांच्या समाजसेवेबद्दल लिहायचे तर त्या कोऱ्या रकान्यापासून लिहिले पाहिजे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा करायची आणि सात दिवसांच्या शिबिरात राहायचे. योजना वाईट नाही. पण तास भरले की सेवा झाली, अशी समजूत रुजली. बॅनर लागतो, पाहुण्यांचे भाषण होते, फोटो निघतो. वस्तीतले लोक रांगेत उभे राहून बोट टोचून घेतात. दुसऱ्या दिवशी मंडप निघतो. विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळते, वस्तीला काय मिळते? आपल्या वस्त्या कोणाच्या हाताच्या सरावासाठी नाहीत.

अलीकडे त्यात फिटनेसची भर पडली आहे. वजन, उंची, कमरेचे माप. एका शिबिरात दिवसभर विटा वाहणाऱ्या बाईला ‘रोज अर्धा तास चाला’ असा सल्ला दिलेला मी कानांनी ऐकला. ती हसली, सल्ला देणारा पोरगा मात्र गंभीर होता. हसण्यावारी नेता येणार नाही अशी गोष्ट वेगळीच आहे. सिकलसेलच्या मुलाला अति श्रम, पाण्याची कमतरता आणि थंडी यांमुळे वेदनांचा झटका येऊ शकतो. फिटनेसची चाचणी म्हणून मुलांना उन्हात पळवण्यापूर्वी कोणाला हा रोग आहे, हे विचारणारा एक तरी विद्यार्थी तिथे हवा.

तर मग करायचे काय? सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ साली सुरू झाले. तिथली प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पहिल्याच वर्षी मुले-मुली पंधरवडाभर गावात मुक्काम करतात, प्रत्येकाला काही कुटुंबे वाटून दिली जातात आणि नंतरही त्याच घरांत जावे लागते. गांधीवादाशी आपले मतभेद आहेत ते आहेतच, पण चांगल्याला चांगले म्हणायला हरकत कसली? आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१-२२ च्या तुकडीपासून कुटुंब दत्तक कार्यक्रम देशभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात आणला आहे. तेच घर, तोच विद्यार्थी, पुन्हा पुन्हा. कागदावर तरी हेच अपेक्षित आहे. प्रत्यक्षात तो येतो की नाही, हे वस्तीने मोजले पाहिजे.

विद्यार्थी डॉक्टर नाही. नोंदणी नसताना त्याने औषध लिहून देणे हा गुन्हाच आहे. पण रक्तदाब मोजणे, रिपोर्ट घरी नेऊन देणे, त्याचा अर्थ सोप्या भाषेत सांगणे, रुग्णासोबत जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत उभे राहणे, हे त्याला कोणी अडवत नाही. आणि हेच काम होत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. किती घरांना हे माहीत आहे? केवळ वाहक असलेल्याला दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही, रोग असलेल्याला त्यासाठी अर्ज करता येतो. हा अर्ज भरून द्यायला एमबीबीएस लागत नाही, वसतिगृहातला बी.ए.चा मुलगाही तो भरू शकतो.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. नावे माईकवर वाचायची नाहीत. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. ‘अमक्याची पोरगी सिकलवाली’ असे एकदा वस्तीत झाले, की तिचे लग्न मोडते आणि पुढच्या शिबिराला कोणी बोट पुढे करत नाही. तपासणीआधी संमती, रिपोर्ट बंद पाकिटात, सही घेऊन.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. विदर्भात हा रोग आदिवासींत आणि आपल्या समाजात मोठ्या प्रमाणावर आहे, तेव्हा शिबिरे आणखी होतील. विहार समित्यांनी जागा जरूर द्यावी, पण रिपोर्ट देण्याची तारीख लेखी घेऊनच.

त्या बाईला पोटगी मंजूर झाली. निकालाच्या दिवशी तिची धाकटी बहीण सोबत होती. तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू होते. तपासणी झाली का, असे मी विचारले.

‘शिबिरात रक्त घेतलं होतं,’ ती म्हणाली.