अदृश्य कणांची चाळण

साताऱ्यास किंवा सांगलीस आपण तळहात उताणा करून मिनिटभर स्वस्थ बसलों, तर आकाशांतून येणारे म्युऑन नांवाचे कित्येक कण त्यांतून आरपार निघून जातात. समुद्रसपाटीवर त्यांचें प्रमाण दर मिनिटास चौरस सेंटिमीटरामागें सुमारें एक असें असतें. सांगलीहून साताऱ्याची उंची अधिक, म्हणून तेथें किंचित् जास्त. हाताला जें कळत नाहीं, तें शास्त्रज्ञ मोजतात कसें?

विद्युद्भारित कण वायूंतून जातांना वाटेंतील अणूंचे कांहीं इलेक्ट्रॉन सुटे करतो. ही खूण इतकी क्षीण असते कीं, ती वाढविल्यावांचून यंत्रास उमगत नाहीं. शार्पाक यांचा तारांचा कक्ष १९६८ पासून हेंच काम करीत आला. परंतु कणांची गर्दी फार झाली म्हणजे तो कमी पडूं लागे. जिनीव्हानजीकच्या सर्न प्रयोगशाळेंत फाबिओ साउली यांनीं १९९७ सालीं त्यावर उपाय काढला. तो म्हणजे एक चाळण!

प्लास्टिकचा ५० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा, दोन्ही अंगांस तांब्याचा पातळ थर, आणि ७० मायक्रॉन व्यासाचीं छिद्रें. एका चौरस सेंटिमीटरांत पांच हजारांहून अधिक! दोन थरांमध्यें सुमारें ४०० व्होल्टचा दाब ठेवला कीं, छिद्रांत शिरलेला इलेक्ट्रॉन वेगानें वायूच्या अणूंवर आदळून नवे इलेक्ट्रॉन सोडवितो. हळद चाळणारी चाळण टाकलें त्याहून कमीच देते. ही मात्र विजेच्या बळावर अधिक देते. एकीवरच फार दाब दिल्यास ठिणगी पडून ती निकामी होण्याचें भय; म्हणून एकीखालीं एक अशा तीन ठेवतात. प्रत्येकीनें वीसपट केलें, तरी तिघींचे मिळून आठ हजारपट होतात.

न्यूट्रॉनाची गोष्ट निराळी. १९३२ सालीं चॅडविक यांनीं शोधिलेल्या ह्या कणाला विद्युद्भारच नाहीं. तो वायूंत मागमूस न ठेवतां निसटतो. त्यास धरण्यास सोनाराच्या टाकणखारांतील बोरॉन उपयोगी पडतें. निसर्गांतील बोरॉनच्या अणूंपैकीं सुमारें पंचमांश दहा भाराचे असतात. असा अणु मंद न्यूट्रॉन गिळतो व फुटून लिथियम आणि अल्फा कण बाहेर टाकतो. ते भारित असल्यानें चाळणीच्या नजरेस येतात. मात्र बोरॉनचा लेप जाड झाला तर अल्फा कण आंतच अडकतो, पातळ झाला तर बहुतेक न्यूट्रॉन निसटतात; म्हणून पातळ लेपांचे अनेक थर द्यावे लागतात.

इतका खटाटोप कशासाठीं? ह्या कामीं आजवर वापरलेला हेलियम-३ वायु मुख्यतः अण्वस्त्रांसाठीं केलेल्या ट्रिटियमपासून मिळे. २००८ च्या सुमारास त्याची मोठी टंचाई झाली. अणुभट्टीजवळ काम करणाऱ्या माणसाची सुरक्षितता तर अशा मोजमापावरच अवलंबून असते.

सर्नच्या सीएमएस प्रयोगांत २०१९-२० मध्यें असे १४४ कक्ष बसविले गेले. त्यांतील कांहींची जुळणी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांत झाली. ह्या जुळणींत धुळीचा एक कणहि घातक ठरतो. पाठांतरापेक्षां स्वच्छ हात, स्थिर नजर आणि धीर यांचेंच येथें मोल अधिक; आणि हे गुण सातारा-सांगलीकडील विज्ञानाच्या मुलामुलींना शाळेच्या प्रयोगशाळेंतच अंगीं बाणवितां येतील.