ढिगाचा ताप किती?

कॅलिफोर्नियात बागेतला पालापाचोळा, कापलेलं गवत कुजवून खत करणाऱ्या केंद्रात सरकारी तपासनीस येतो, तेव्हा तो नुसता ढीग पाहून जात नाही. तापमानाची नोंदवहीही तपासतो.

उघड्यावरचा लांबट ढीग १५ दिवस किमान ५५ अंश सेल्सियसवर राहायला हवा, आणि त्या काळात तो निदान ५ वेळा उलटायला हवा. ही उष्णता येते कुठून? पाला खाणाऱ्या सूक्ष्मजीवांकडून. तिच्यात रोगजंतू आणि तणांचं बी मरतं. उलटल्यामुळे बाहेरचा थंड थर आत जातो, हवा खेळते. हवा कोंडली, की दुर्गंधी सुटते; म्हणून ती आवरण्याचा लेखी आराखडाही केंद्राकडे असावा लागतो.

शेवटी नमुना प्रयोगशाळेत जातो. ४ मिलिमीटरपेक्षा मोठे प्लास्टिक, काच, धातूचे तुकडे कोरड्या वजनाच्या ०.५ टक्क्यांहून जास्त निघाले, तर ते खत नियमात बसत नाही.