पत्ता कोणी लिहायचा?

ऑगस्ट २००८ मध्ये नेटफ्लिक्सच्या डेटाबेसमध्ये मोठा बिघाड झाला आणि तीन दिवस कंपनीला ग्राहकांकडे डीव्हीडी रवाना करता आल्या नाहीत. स्वतःच्या डेटासेंटरमधून बाहेर पडून अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर जायचं, हे त्यातून ठरलं. ते पुरं व्हायला जानेवारी २०१६ उजाडला. या स्थलांतरात एकसंध प्रणालीची फोड होऊन शेकडो मायक्रोसर्व्हिसेस झाल्या आणि एक अडचण रोजची होऊन बसली. क्लाउडवर सर्व्हर येतात-जातात, त्यांचे आयपी पत्ते बदलत राहतात. मग एका सर्व्हिसला दुसरी सापडायची कशी?

नेटफ्लिक्सचं उत्तर होतं युरेका. सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनीने त्याचा सोर्स कोड खुला केला. रचना साधी होती. सर्व्हिस सुरू झाली की ती युरेका सर्व्हरकडे आपलं नाव, पत्ता आणि पोर्ट नोंदवते. पुढे दर ३० सेकंदांनी हार्टबीट पाठवून आपण जिवंत असल्याचं कळवते. ९० सेकंद काहीच आलं नाही, तर तिची नोंद काढली जाते. ज्यांना दुसऱ्या सर्व्हिसेसशी बोलायचं असतं, ते क्लायंट ही यादी स्वतःजवळ उतरवून ठेवतात. त्यामुळे युरेका काही वेळ बंद पडला तरी कामं अडत नाहीत.

याहूमध्ये जन्मलेला झूकीपर अशा कामासाठी तेव्हाही उपलब्ध होता. पण त्याचा शिरस्ता असा, की सर्व्हरांचं बहुमत जमत नसेल तर थांबायचं. युरेकाने उलट कौल दिला. अपेक्षित हार्टबीटपैकी ८५ टक्क्यांहून कमी येऊ लागले, तर इतक्या सर्व्हिसेस एकदम गेल्या असं तो मानत नाही. नेटवर्कच बिघडलं असावं असं धरून तो नोंदी काढणं थांबवतो. यादी शिळी असली तरी चालेल, कोरी नको, हा त्यामागचा हिशेब.

दरम्यान मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन परिषदेत डॉकरची, म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनाची, पहिली झलक दाखवली. जून २०१४ मध्ये डॉकर १.० आलं. २०१५ मध्ये स्प्रिंग क्लाउड या जावा साधनसंचाने युरेकाला सर्वसाधारण जावा टीमच्या हाती दिलं. एका अ‍ॅनोटेशनवर सर्व्हर उभा राहू लागला आणि ८७६१ हे पोर्ट जावावाल्यांना पाठ झालं. जार फाइल आणि चार ओळींची डॉकरफाइल एवढ्यावर युरेका कंटेनरात बसू लागला.

बसला, पण रुळला नाही. कारण त्याच्या मुळाशी एक गृहीत होतं: सर्व्हिसला स्वतःचा पत्ता ठाऊक असतो. अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरवर ते खरं होतं. १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर विचारलं, की सर्व्हरला स्वतःची माहिती, म्हणजे मेटाडेटा, मिळते, आणि युरेकाचा क्लायंट तिथेच विचारायला शिकलेला होता. कंटेनरातल्या प्रोसेसला दिसतो तो १७२.१७ ने सुरू होणारा अंतर्गत आयपी आणि होस्टनेम म्हणून बारा अक्षरांचा कंटेनर आयडी. तेच ती इमानेइतबारे नोंदवते, आणि दुसऱ्या होस्टवरच्या कोणालाही त्या पत्त्यावर पोचता येत नाही. युरेकाच्या पानावर सगळं सुरळीत दिसतं, पण कॉल केला की टाइमआउट. कॉन्फिगरेशनमध्ये युरेकाचा पत्ता लोकलहोस्ट राहून गेला असेल, तर कंटेनरातली सर्व्हिस त्याला स्वतःच्याच पोटात शोधत बसते.

मरणाचीही खबर नीट लागेना. डॉकरफाइलमधली कमांड शेलमार्फत चालली, की बंद होण्याचा सिग्नल अनेकदा जावापर्यंत पोचतच नाही. दहा सेकंदांनी डॉकर प्रोसेसला थेट मारून टाकतो. निरोप न घेता गेलेल्या सर्व्हिसची नोंद मागे तशीच राहते आणि रिक्वेस्ट तिच्याकडे जात राहतात. त्यात जुन्या जावाला कंटेनरची मेमरी मर्यादा कळत नसे. संपूर्ण होस्टची मेमरी आपलीच समजून ती हीपचा आकार ठरवायची आणि कंटेनर १३७ हा कोड देऊन पडायचा. हे दुखणं २०१८ मध्ये जावा १० आणि जावा ८ च्या १९१ व्या अपडेटने संपवलं.

पत्त्याचा प्रश्न मात्र अपडेटने सुटणारा नव्हता. नेटफ्लिक्सने आपल्या टायटस या प्लॅटफॉर्मवर प्रत्येक कंटेनरला क्लाउडमधला स्वतंत्र आयपी दिला आणि मेटाडेटाची सोयही पुरवली. म्हणजे कंटेनरला सर्व्हरसारखं वागवलं. रजिस्ट्रेटर नावाचं साधन दुसऱ्या टोकाने गेलं. होस्टवर बसून ते डॉकरच्या घडामोडी ऐकायचं आणि कंटेनरांच्या वतीने कन्सल किंवा ईटीसीडी यांसारख्या नोंदवह्यांमध्ये नोंदी करायचं. लेखणी सर्व्हिसच्या हातून निसटू लागली ती अशी.

अनेक होस्टवर कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीस या प्लॅटफॉर्मने ती कायमची काढून घेतली. जुलै २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. इथे पॉड, म्हणजे कंटेनरांचा गट, कुठे ठेवायचा हे प्लॅटफॉर्म ठरवतो, पॉडला आयपी मिळाल्याचं प्लॅटफॉर्मलाच आधी कळतं, म्हणून यादीही तोच लिहितो. सर्व्हिसला कायमचं नाव मिळतं आणि ते डीएनएसला विचारता येतं. अशा क्लस्टरमध्ये युरेकाच्या दोन-तीन प्रती चालवायच्या, तर त्यांनी एकमेकींना ओळखावं म्हणून सहसा प्रत्येक प्रतीला कायमचं नाव देणारा स्टेटफुलसेट लागतो. म्हणजे कुबरनेटीसच्याच डीएनएसचा आधार घ्यावा लागतो. सगळ्यांचे पत्ते सांगणाऱ्याचा पत्ता सांगायला दुसरा कोणी लागत असेल, तर ते काम त्या दुसऱ्यालाच का देऊ नये?

अनेकांनी दिलं. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सने युरेका २.० चं खुलं काम बंद केल्याचं जाहीर केलं. डिसेंबर २०२० मध्ये स्प्रिंग क्लाउडने रिबन, हिस्ट्रिक्स आणि झूल ही युरेकाची नेटफ्लिक्समधली भावंडं बाहेर काढली. युरेका १ मात्र राहिला. जिथे अर्ध्या सर्व्हिसेस व्हर्च्युअल मशीनवर आणि अर्ध्या कंटेनरात आहेत, तिथे त्याची उपयुक्तता अजून टिकून आहे. निव्वळ कुबरनेटीसवर त्याला वेगळा चालवणं म्हणजे एकाच गावात दोन मतदार याद्या ठेवणं. पॉड काढला जात असताना एक यादी लगेच बदलते आणि दुसरी हार्टबीट मोजत बसते.

तरीही या काळाचा हिशेब युरेका हरला असा मांडता येत नाही. पत्ता कोणी लिहायचा हे ठरलं: ज्याने जागा दिली त्याने. पण काम घ्यायला तयार आहे का, हे कुबरनेटीसलाही रेडिनेस प्रोबमधून सर्व्हिसलाच विचारावं लागतं. आणि क्लस्टरमधले सगळेच नोड एकदम मृत दिसू लागले, तर कुबरनेटीसचा कंट्रोलर आपलाच संपर्क तुटला असावा असं धरतो आणि पॉड हलवणं थांबवतो. सगळे एकदम मेलेले दिसले तर आधी स्वतःच्या नजरेवर शंका घ्यावी, हा युरेकाचा जुना कौल आता प्लॅटफॉर्मच्या नियमांत जाऊन बसला आहे.