1983 चे प्रेक्षक गेले कुठे?

7 एप्रिल 2024, रविवार. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलचा अंतिम सामना झाला आणि साउथ कॅरोलायनाने आयोवाला 87-75 असं हरवलं. हा सामना टीव्हीवर सरासरी 1 कोटी 89 लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी पुरुषांचा अंतिम सामना होता. त्याला 1 कोटी 48 लाख प्रेक्षक मिळाले. महिलांच्या अंतिम सामन्याने पुरुषांना मागे टाकल्याचं हे पहिलंच उदाहरण. बातम्यांचे मथळे एकाच नावाभोवती फिरत राहिले: केटलिन क्लार्क. अर्ध्या मैदानाजवळून चेंडू टाकून तो जाळीत उतरवणारी ही आयोवाची मुलगी त्या दिवशी हरली होती, तरी जिंकणाऱ्या संघापेक्षा चर्चा तिचीच जास्त झाली.

या आकड्यांना एक तळटीप हवी. महिलांचा सामना रविवारी दुपारी एबीसी या घरोघरी फुकट दिसणाऱ्या वाहिनीवर होता. पुरुषांचा सामना सोमवारी रात्री उशिरा, पैसे मोजून घ्याव्या लागणाऱ्या केबल वाहिन्यांवर होता. म्हणजे ही लढत पूर्णपणे समसमान नव्हती. गंमत अशी की आधीची जवळपास तीन दशकं हीच असमानता उलट्या दिशेने चालू होती आणि तेव्हा तिची तळटीप कुणी लिहिली नाही.

1983 साली याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने लुइझियाना टेकला 69-67 असं हरवलं. शेरिल मिलर ही विलक्षण खेळाडू तेव्हा नुकतीच विद्यापीठात आली होती. सीबीएस या राष्ट्रीय वाहिनीवर तो सामना सुमारे 1 कोटी 18 लाख लोकांनी पाहिला. त्या काळी वाहिन्याच मोजक्या होत्या, हे मान्य. पण 1996 पासून महिलांचा अंतिम सामना ईएसपीएन या केबल वाहिनीकडे गेला आणि 2022 पर्यंत तो केबलवरच राहिला. 2021 मध्ये त्याचे प्रेक्षक 41 लाखांच्या आसपास होते. 2023 मध्ये तो पहिल्यांदा एबीसीवर दाखवला गेला, आणि त्या एका वर्षात प्रेक्षकसंख्या आधीच्या वर्षीच्या 48 लाखांवरून 99 लाखांवर पोचली. क्लार्क त्या सामन्यातही होती, त्यामुळे सगळं श्रेय वाहिनीला देता येत नाही. पण सगळं श्रेय क्लार्कला देणं तितकंच चूक आहे.

महिलांचे खेळ कमी का दाखवता, असं विचारलं की वाहिन्यांचं उत्तर ठरलेलं असे: आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आडात पाणी होतं. पोहराच कुणी सोडत नव्हतं.

याचा आयोवाइतका चांगला पुरावा दुसरीकडे सापडणार नाही. मक्याच्या शेतांचं हे राज्य; गावं लहान, हिवाळे लांब आणि कडक. तिथे शाळकरी मुलींच्या बास्केटबॉलची राज्य स्पर्धा 1920 पासून सुरू आहे. 1925 मध्ये शहरी शाळांच्या काही अधिकाऱ्यांनी मुलींनी लोकांसमोर असं धावणं-झगडणं बरं नाही म्हणून ही स्पर्धा बंद करायचा घाट घातला. तेव्हा छोट्या गावांतल्या शाळाप्रमुखांनी मुलींसाठी स्वतंत्र संघटनाच काढली. त्यांचा खेळही वेगळा होता. प्रत्येक बाजूला सहा मुली, तीन आक्रमणाला आणि तीन बचावाला; मधली रेषा कुणी ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच आपटायचा. मुलींच्या नाजूक प्रकृतीला झेपावा म्हणून केलेले हे नियम. पण त्यातून असा वेगवान, गुणांचा पाऊस पाडणारा खेळ तयार झाला की राज्य स्पर्धेला डे मॉइन शहरातलं सभागृह ओसंडून वाहायचं आणि आजूबाजूच्या राज्यांतही ती टीव्हीवर दिसायची. 1968 चा अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि 113-107 असा संपला. जिंकणाऱ्या संघातली डेनिस लाँग इतकी गाजली की पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स या एनबीएच्या, म्हणजे पुरुषांच्या, संघाने तिची निवड जाहीर केली. लीगच्या आयुक्तांनी ती रद्द केली, ही गोष्ट वेगळी.

सहा जणींचा हा खेळ 1993 मध्ये बंद झाला. क्लार्क त्यानंतर नऊ वर्षांनी जन्मली, आणि तीही डे मॉइनला लागूनच असलेल्या वेस्ट डे मॉइनची. ऑक्टोबर 2023 मध्ये आयोवा विद्यापीठाने महिला संघाचा एक साधा मैत्रीपूर्ण सामना अमेरिकन फुटबॉलच्या उघड्या मैदानावर ठेवला, तेव्हा 55,646 लोक आले. बाहेरच्या पत्रकारांना याचं आश्चर्य वाटलं. आयोवातल्या आज्यांना वाटायचं कारण नव्हतं. त्यांच्यातल्या कित्येकींनी तरुणपणी हीच गर्दी पाहिली होती.

बास्केटबॉलची खरी तुलना फुटबॉलशी करायला हवी, कारण दोन्ही खेळांचं नशीब एकमेकांच्या नेमकं उलट आहे. 10 जुलै 1999 रोजी कॅलिफोर्नियातल्या रोझ बोल मैदानावर 90,185 प्रेक्षकांसमोर ब्रँडी चॅस्टेनने निर्णायक पेनल्टी मारली आणि अमेरिकेने महिला विश्वचषक जिंकला. तिचा गुडघ्यांवर बसून ओरडतानाचा फोटो देशभर छापून आला. 2015 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना, ज्यात कार्ली लॉइडने पहिल्या सोळा मिनिटांत तीन गोल केले, अमेरिकेत अडीच कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. हे झालं देशाच्या संघाचं. त्याच फुटबॉलच्या व्यावसायिक लीगकडे पाहिलं तर चित्र फिरतं. 2001 मध्ये सुरू झालेली पहिली लीग 2003 मध्ये, पुढचा विश्वचषक तोंडावर असताना बंद पडली. 2009 ची दुसरी लीग तीन हंगामांत आटोपली. 2013 ची तिसरी मात्र टिकली.

बास्केटबॉलचं उलट. अमेरिकेच्या महिला संघाने 1996 ते 2024 सलग आठ ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. पॅरिसमध्ये फ्रान्सला 67-66 असं एका गुणाने हरवलं, तेव्हा त्यांचा ऑलिंपिकमधला तो सलग 61 वा विजय होता. क्रीडाजगतात याच्या जवळपास जाणारी कामगिरी शोधावी लागेल. पण अतिपरिचयात अवज्ञा होते तसं काहीसं या संघाचं झालं. जिंकणार हे ठरलेलंच, मग बघायचं काय? फुटबॉल संघ अधूनमधून हरायचा, म्हणून त्याच्या सामन्यांना कथानक असायचं. लीगच्या बाबतीत मात्र बास्केटबॉल तगला. 1997 मध्ये सुरू झालेल्या डब्ल्यूएनबीएच्या पाठीशी एनबीए होती: तिची मैदानं, तिचे विक्रेते, तिचे टीव्ही करार. दुसऱ्या हंगामात सामन्यांना सरासरी दहा हजारांहून जास्त प्रेक्षक येत. 2019 पर्यंत हा आकडा साडेसहा हजारांवर घसरला. मधल्या काळात पहिली चारही विजेतेपदं जिंकणारा ह्यूस्टन कॉमेट्स हा संघ 2008 मध्ये बंद पडला. पण लीग बुडाली नाही.

टेनिसला या कटकटी फारशा सोसाव्या लागल्या नाहीत. बिली जीन किंग आणि तिच्या सहकाऱ्यांच्या झगड्याने अमेरिकन ओपनमध्ये 1973 पासून स्त्री-पुरुषांना समान बक्षीस मिळू लागलं, हे मोठंच. पण त्याहून महत्त्वाचं असं की ग्रँड स्लॅममध्ये दोघंही त्याच पंधरवड्यात, त्याच मैदानावर, त्याच कॅमेऱ्यांसमोर खेळतात. पुरुषांचा सामना बघायला बसलेला माणूस आपसूक स्त्रियांचाही बघतो. सर्वाधिक कमाई करणाऱ्या महिला खेळाडूंच्या याद्यांमध्ये वर्षानुवर्षं टेनिसपटूंची गर्दी असते, ती काही योगायोगाने नव्हे. जिम्नॅस्टिक्सचा दिवा चार वर्षांतून एकदा लागतो, पण लख्ख. व्हॉलीबॉलला तर क्रीडावार्ताहरांनी धरलंच नव्हतं. 30 ऑगस्ट 2023 रोजी नेब्रास्का विद्यापीठाच्या महिला संघाच्या सामन्याला 92,003 लोक आले, तेव्हा ते जागे झाले. अमेरिकेत महिलांच्या कुठल्याही सामन्याला त्याआधी एवढी गर्दी जमली नव्हती.

वार्तांकनाची मोजदाद करणारा एक चिवट अभ्यास आहे. मायकेल मेसनर, शेरिल कुकी आणि त्यांचे सहकारी 1989 पासून ठरावीक वर्षांनी लॉस एंजलिसमधल्या वाहिन्यांच्या क्रीडाबातम्या मिनिट-मिनिट मोजत आले. 1989 मध्ये महिलांच्या वाट्याला सुमारे 5 टक्के वेळ होता. तीस वर्षांनी, 2019 मध्ये, 5.4 टक्के. त्यातून त्या वर्षीचा फुटबॉल विश्वचषक वगळला तर उरले 3.5 टक्के. या तीस वर्षांत मैदानावर उतरणाऱ्या अमेरिकन मुलींची संख्या प्रचंड वाढली होती. 1972 च्या टायटल नाइन कायद्याने शाळा-महाविद्यालयांना मुलींसाठी खेळाची दारं उघडावी लागली होती. बातम्यांची दारं उघडायला असा कुठला कायदा नव्हता.

मग 2021 च्या मार्चमध्ये ओरेगॉन विद्यापीठाच्या सेडोना प्रिन्सने टिकटॉकवर एक छोटा व्हिडिओ टाकला. राष्ट्रीय स्पर्धेसाठी पुरुष संघांना भलीमोठी सुसज्ज व्यायामशाळा. महिलांना डंबेल्सचा एक लहानसा स्टँड आणि योगासनांच्या चटया. जागा नव्हती, असा खुलासा आयोजक एनसीएएने केला. प्रिन्सने कॅमेरा फिरवून रिकामी पडलेली जागा दाखवली. त्या गदारोळातून चौकशी झाली आणि चौकशीत व्यायामशाळेपेक्षा महत्त्वाची गोष्ट उघडकीला आली. महिला बास्केटबॉल आणि इतर 28 स्पर्धांचे हक्क एनसीएएने ईएसपीएनला एकत्र बांधून वर्षाला सुमारे 3 कोटी 40 लाख डॉलरना दिले होते. एकट्या महिला बास्केटबॉलची किंमत 2025 मध्ये वर्षाला 8 ते 11 कोटी डॉलर होऊ शकते, असा अंदाज चौकशी अहवालाने मांडला. ‘मार्च मॅडनेस’ हे या स्पर्धेचं गाजलेलं नावसुद्धा महिलांना 2022 पर्यंत वापरू दिलं नव्हतं. आपल्याच मालाचं नाव झाकून ठेवायचं आणि मग गिऱ्हाईक येत नाही म्हणायचं, असा हा कारभार होता. 2024 च्या नव्या करारात 40 स्पर्धांसाठी आठ वर्षांचे 92 कोटी डॉलर ठरले, आणि त्यात महिला बास्केटबॉलचा वाटा वर्षाला साडेसहा कोटी धरला गेला.

क्लार्क 2024 मध्ये व्यावसायिक झाली, इंडियाना फीव्हरकडून. पहिल्या वर्षाचा तिचा पगार 76,535 डॉलर. जाहिरातींतून मिळणाऱ्या रकमांपुढे हा चिल्लर खुर्दा. क्लार्कच्या आधीच्या पिढीकडे अशा जाहिराती नव्हत्या, म्हणून हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान, चीन गाठावं लागे. डायना टॉरासीला तिच्या रशियन क्लबने 2015 चा डब्ल्यूएनबीए हंगाम न खेळता विश्रांती घेण्यासाठी पैसे दिले होते. ब्रिटनी ग्राइनर फेब्रुवारी 2022 मध्ये रशियात पकडली गेली आणि दहा महिने अडकली, तीही अशाच एका क्लबकडून खेळायला गेली असताना.

क्लार्कच्या कौतुकात एक अवघड गाठ आहे. डब्ल्यूएनबीएतल्या बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. एजा विल्सन 2024 पर्यंत तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरली होती. तरी कॅमेरे इतक्या संख्येने आले ते एका गोऱ्या मुलीच्या मागे. विल्सनने हे उघड बोलून दाखवलं आणि त्यावरून तिच्यावर टीकाही झाली. क्लार्कच्या खेळाची थोरवी आणि विल्सनची तक्रार, दोन्ही एकाच वेळी खऱ्या आहेत.

लाट ओसरेल का? 2025 मध्ये क्लार्क महाविद्यालयात नव्हती आणि अंतिम सामन्याचे प्रेक्षक 85 लाखांवर आले. निम्म्याहून कमी, पण 2021 च्या दुप्पट. त्याच वर्षी दुखापतींमुळे क्लार्क व्यावसायिक हंगामात फक्त 13 सामने खेळली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या गोल्डन स्टेट व्हॅल्किरीज या नव्याकोऱ्या संघाने मात्र घरचा प्रत्येक सामना हाउसफुल केला. 2026 पासून डब्ल्यूएनबीएचे प्रक्षेपण हक्क अकरा वर्षांसाठी सुमारे 220 कोटी डॉलरना गेले आहेत, म्हणजे वर्षाला 20 कोटी. महिला फुटबॉल लीगला 2023 मध्ये मिळालेला करार वर्षाला 6 कोटींचा आहे. डब्ल्यूएनबीएच्या जुलै 2025 च्या ऑल-स्टार सामन्याआधी दोन्ही संघांच्या खेळाडू ‘आमचं देणं चुकतं करा’ अशा अर्थाचे टी-शर्ट घालून सरावाला उतरल्या.

भारतात ही गोष्ट क्रिकेटच्या रूपाने घडली. महिला प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे हक्क जानेवारी 2023 मध्ये 951 कोटी रुपयांना विकले गेले, तेव्हा त्या लीगमध्ये एकही चेंडू टाकला गेला नव्हता. आधी पैसा आणि प्रक्षेपण आलं, मग सांगलीच्या स्मृती मानधनाचं नाव लहान मुलींच्या पाठीवर दिसू लागलं, आणि 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला तेव्हा देश जागा होता. भारतीय महिला बास्केटबॉल संघाची कप्तान राहिलेली शिरीन लिमये पुण्याची. तिचा खेळ पाहिलेले किती मराठी वाचक निघतील? 951 कोटींच्या जवळपास जाणारी बोली या खेळावर आपल्याकडे कुणी लावलेली नाही.